तिसऱ्या महिन्यात एकदा विचारा : भूलतज्ज्ञांना आणि वेदना-संशोधकांना खुले पत्र

भूलशास्त्रात आणि वेदनेच्या संशोधनात काम करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टरनी मला विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" मी म्हणालो, "तीन." त्यांनी तक्त्यावर ३ लिहिलं, पुढे वेळ टाकली आणि पाठीतली एपिड्युरलची, म्हणजे नसा बधिर ठेवणारं औषध सोडणारी नळी सकाळी काढायचं ठरलं. माझ्या दुखण्याची तुमच्या दप्तरातली ही शेवटची नोंद. पुढे टाके निघाले, एक्स-रे स्वच्छ आला, सर्जन खूश झाले, मीही झालो. चौथ्या महिन्यात मला अंगात शर्ट घालवेना.

फुप्फुसाचा एक तुकडा काढण्यासाठी माझी छाती उजव्या बाजूने उघडली होती. व्रण खांद्याच्या पात्याखालून वळून पुढे येतो. त्या व्रणाला हात लावला तर काही कळत नाही, जागा सुन्न आहे. पण त्याच्या खाली चार बोटांवर, जिथे सुरी लागलेलीच नाही, तिथे कापड नुसतं घासलं की भाजल्यासारखं व्हायचं. ठणका नव्हे, भगभग, आणि मधूनच विजेसारखी सणक. आंघोळीच्या पाण्याचा पहिला थेंब नकोसा वाटायचा. गंमत म्हणजे तळहाताने ती जागा घट्ट दाबून धरली तर बरं वाटे. हलका स्पर्श मात्र सहन होत नसे. हे कुणाला सांगायला गेलं की समोरचा माणूस आधी व्रणाकडे बघायचा, मग माझ्या तोंडाकडे.

तक्रार कुणाची करायची नाही. भूल उत्तम दिली होती, शस्त्रक्रिया गरजेची होती आणि नीट झाली. माझं मागणं एकच आहे: शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी रुग्णाला एकदा विचारा, आणि त्याचं उत्तर लिहून ठेवा. रोजच्या कामातही, संशोधनातही. एवढ्याशा मागणीसाठी एवढं लांब पत्र का, ते पुढे येईल.

"भूल" हा शब्द मला या आजारपणात नीट दिसला. भूल म्हणजे विसर, भूल म्हणजे भुरळ, आणि भूलचूक म्हणताना भूल म्हणजे चूक. तुम्ही भूल दिलीत, तेव्हा विसरलं कोण? मी विसरलो, म्हणजे माझा मेंदू. छातीतल्या नसा आणि मज्जारज्जू विसरले होते का?

याचं उत्तर तुमच्याच शास्त्राने कधीच देऊन ठेवलेलं आहे. कातडी कापली की तिथल्या बारीक चेतातंतूंमधून संदेश निघतात. ए-डेल्टा जातीच्या तंतूंतून ते झपाट्याने जातात, सी जातीच्या तंतूंतून सावकाश, सेकंदाला जेमतेम मीटरभर. वायूची भूल दिलेल्या मेंदूत त्यांची जाणीव होत नाही, पण मज्जारज्जूपर्यंत ते पोचतातच. घरधनी झोपला म्हणून दारावरच्या थापा थांबत नाहीत. अमेरिकन सर्जन जॉर्ज क्राइल यांनी १९१३च्या सुमारास नेमकं हेच मांडलं आणि पूर्ण भुलेसोबत कापण्याच्या जागेच्या नसाही बधिर करायला सुरुवात केली. त्यांची थापांबद्दलची सगळी उपपत्ती पुढे टिकली नाही, पण दार बंद करायला हवं हे त्यांना दिसलं होतं.

त्या थापांनी आत काय होतं, हे कळायला आणखी सत्तर वर्षं गेली. १९८३ साली वेदना-संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं की इजा झाल्यावर वाढणारी संवेदनशीलता फक्त इजेच्या जागी नसते, मज्जारज्जूच बदलतो. एरवी ज्याला तो दाद देत नाही अशा हलक्या स्पर्शालाही तो वेदनेसारखा प्रतिसाद देऊ लागतो. यामागचा एक धागा एनएमडीए नावाच्या ग्राहींकडे, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या दारांकडे जातो. या ग्राहीच्या वाटेत एरवी मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. सी तंतूंचे संदेश एकामागोमाग येत राहिले की पेशीतला विद्युतदाब बदलतो, बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी पुढच्या संदेशाला आधीपेक्षा मोठ्याने ओरडते. तुमच्या हातातलं जुनं औषध केटामाइन याच वाटेत आडवं पडतं. माझ्या शर्टाची शिवण जिथे भाजायची, तिथल्या कातडीला काही झालेलं नव्हतं. तिचा आवाज ऐकणारा बिघडला होता. हे मला वर्षभराने कुणीतरी सांगितलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी दुखणं तसूभर कमी झालं नाही, पण मला रात्री झोप लागली.

अर्थात माझ्याबाबतीत नसही सुटलेली नव्हती. छाती उघडायची म्हणजे दोन बरगड्या फाकवाव्या लागतात, आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला खोबणीतून एक नस जाते. ती चिमटली, ताणली, कधी तुटली, की तिच्या दुखऱ्या टोकाशी सोडियम आत सोडणारी दारं गर्दी करतात आणि ती आपण होऊन संदेश पाठवू लागते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतून दंडाकडे जाणारी नस, हर्नियात जांघेतली नस. नावं वेगळी, कथा तीच.

आता आकडे. १९९८ साली ब्रिटनमधल्या पेन क्लिनिकांत येणाऱ्या पाच हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा साधारण दर पाचातल्या एकाच्या दुखण्यामागे शस्त्रक्रिया निघाली. तोवर हा विषय जवळपास कुणाच्याच खात्यावर नव्हता. सर्जनच्या लेखी ऑपरेशन यशस्वी, भूलतज्ज्ञांच्या लेखी रुग्ण शुद्धीवर आला, घरी गेला. २००६ साली केलेट, येन्सन आणि वुल्फ यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आढावा घेतला: नेहमीच्या शस्त्रक्रियांनंतर १० ते ५० टक्के लोकांचं दुखणं टिकून राहतं, आणि २ ते १० टक्क्यांत ते तीव्र असतं. या आकड्यांतली दरी बघा. दहा की पन्नास? शस्त्रक्रियेगणिक फरक पडतो हे खरं, पण दरीचा काही भाग नक्कीच असा आहे की कुणी कधी विचारलं, कुणी कसं विचारलं, आणि बहुतेकांनी विचारलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे २०२२पासून, शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घकालीन वेदनेला स्वतःची जागा मिळाली. तिच्या व्याख्येतली मुदत आहे किमान तीन महिने. म्हणजे तारीख तुमचीच आहे, मी मनाने काढलेली नाही.

आणि तरी मोजपट्टी अठ्ठेचाळीस तासांवर येऊन थांबते. ताजं उदाहरण घ्या. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुझेट्रिजिनला मान्यता दिली. वेदनेच्या तंतूंवरची नॅव १.८ ही सोडियमची वाट अडवणारं, अफूच्या कुळातलं नसलेलं, खरोखर नव्या जातीचं औषध. अशी औषधं वेदनेच्या क्षेत्रात फार क्वचित येतात, त्यामुळे मी ती बातमी तीनदा वाचली. ज्या दोन मोठ्या चाचण्यांवर मान्यता मिळाली, त्यातल्या एकीत पोटावरची सैल त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया होती आणि दुसरीत पायाच्या अंगठ्याशी वाढलेल्या हाडाची. दोन्हींत मुख्य हिशोब पहिल्या ४८ तासांतल्या दुखण्याचा. औषधाचा यात दोष नाही; ताज्या वेदनेवरच्या औषधांचा शिरस्ताच तो आहे. पण मी तक्त्यावर "तीन" सांगितलं, तेसुद्धा ४८ तासांच्या आत. तुमच्या कोणत्याही चाचणीत मी यशस्वी रुग्ण ठरलो असतो.

प्रयोगशाळेतही फार वेगळं नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी १९९६पासून सर्रास वापरला जाणारा नमुना म्हणजे उंदराच्या मागच्या पंजाला सेंटीमीटरभर चीर आणि मग बारीक लवचीक तंतूंनी टोचून तो पंजा कधी उचलतो ते बघणं. फोन फ्राय यांनी १८९०च्या दशकात घोड्याच्या केसांनी सुरू केलेली ही रीत. फार उपयोगाची आहे, नाकारत नाही. पण तो पंजा थोड्याच दिवसांत बरा होतो, आणि माझा प्रश्न जो बरा होत नाही त्याच्याबद्दल आहे. शिवाय वर्षानुवर्षं हे उंदीर बहुतेक नर होते. २०१५ साली उंदरांवरच्याच कामातून दिसलं की नसेच्या इजेनंतरची अतिसंवेदना नरांमध्ये मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींवर अवलंबून असते, माद्यांमध्ये ती वाट वेगळीच दिसते. दीर्घकालीन वेदना स्त्रियांमध्ये अधिक आढळते हे माहीत असताना ही गोष्ट एवढी उशिरा का तपासली गेली, हे तुम्हीच सांगा.

इथे जर्मन सर्जन ऑगस्ट बीअर यांची आठवण काढतो, कारण ते तुमच्या घराण्यातले थोर पुरुष. १८९८च्या ऑगस्टमध्ये कील इथे त्यांनी आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी पाठीच्या कण्यातून देण्याच्या भुलेचा प्रयोग एकमेकांवरच करून पाहिला. बीअर यांच्या वेळी सुई आणि पिचकारी एकमेकांत नीट बसेनात, कण्यातलं पाणी गळून गेलं. मग हिल्डेब्रांट यांना टोचलं. नडगीवर लोखंडी हातोडी मारून पाहिली, पेटता सिगार टेकवून पाहिला. दुखलं नाही. दोघांनी वाइन आणि सिगारने प्रयोग साजरा केला. एवढंच लिहिलं असतं तरी बीअर यांचं नाव झालं असतं. पण त्यांनी पुढचंही लिहिलं: स्वतःची कित्येक दिवसांची डोकेदुखी, उठून बसलं की वाढणारी आणि आडवं झालं की थांबणारी, हिल्डेब्रांट यांच्या ओकाऱ्या आणि मार खाल्लेल्या पायांचं दुखणं. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपून येणाऱ्या डोकेदुखीचं वर्णन आज तुमच्या पुस्तकांत आहे, त्याचा उगम "भूल उतरल्यावर काय झालं" हे लिहून ठेवण्यात आहे.

कुणी विचारतच नाही, असं मात्र म्हणणार नाही. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेबद्दल एक मोठा अभ्यास आला, दोन हजारांहून अधिक स्त्रियांचा. एका गटाला पाठीच्या कण्याशेजारी नसा बधिर करणारा ब्लॉक आणि शिरेतून दिलं जाणारं भुलेचं औषध प्रोपोफॉल, दुसऱ्याला नेहमीची वायूची भूल. मुख्य प्रश्न कर्करोग परत येण्याचा होता, पण सहा महिन्यांनी आणि वर्षाने दुखण्याबद्दलही विचारलं गेलं. उत्तर निराश करणारं होतं: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ५२ टक्के स्त्रियांना चिरेच्या जागी दुखत होतं, वर्षाने दोन्हींत सत्तावीस-अठ्ठावीस टक्के. ब्लॉकने फरक पडला नाही. याउलट अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात छातीच्या शस्त्रक्रियेत एपिड्युरल दिल्यास साधारण सात जणांमागे एकाचं दीर्घकालीन दुखणं टळतं असं दिसलं. मी त्या एकात बसलो नाही. पण ही दोन उत्तरं शेजारी ठेवली की पुढचा प्रश्न निघतो: एकच ब्लॉक काही तासांत उतरतो आणि जखम कितीतरी दिवस थापा मारत राहते, तर दार किती दिवस बंद ठेवायचं? केवळ सुरी लागण्याआधी औषध दिलं म्हणजे झालं, या कल्पनेने मागे बरीच निराशा पदरी घातली आहे. निराशेचं उत्तरसुद्धा मिळालं ते सहा महिन्यांनी विचारलं म्हणूनच.

माझं पुढे काय झालं, ते थोडक्यात. चौदा महिने आणि चार दवाखाने फिरल्यावर मी एका पेन क्लिनिकमध्ये पोचलो. तिथल्या डॉक्टर तुमच्यातल्याच होत्या, भूलतज्ज्ञ. (वेदनेची स्वतंत्र क्लिनिकं ही कल्पनाच मुळी एका भूलतज्ज्ञाने रुजवली. जॉन बोनिका, एकेकाळी पोटासाठी कुस्त्या खेळलेले गृहस्थ, त्या कुस्त्यांनी स्वतःची हाडं दुखवून घेतलेले.) या बाईंनी फाइल उघडली नाही. कापसाचा बोळा, एक बोथट टाचणी आणि थंड धातूची पट्टी घेतली आणि माझ्या पाठीवर निळ्या पेनाने नकाशा काढायला बसल्या. "इथे कळतंय? इथे टोचतंय की भाजतंय? इथे थंड की गरम?" वीस मिनिटांनी माझ्या पाठीवर दोन वेडीवाकडी वर्तुळं होती: आतलं सुन्न, बाहेरचं भगभगणारं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. चौदा महिन्यांत माझं दुखणं मी पहिल्यांदा बघितलं.

मग सोनोग्राफीवर बघत बरगडीखाली सुई घालून त्या नसेभोवती बधिर करणारं औषध सोडलं. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "शर्ट घाला." मी घातला. बटणं लावली. काही झालं नाही. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो आणि उगीच हात वर-खाली करत राहिलो. शेजारच्या माणसाला वाटलं असेल, व्यायाम चाललाय. पाच तासांनी भगभग परत आली. ती परत येणार, असं बाई म्हणाल्याच होत्या. "पण आता पत्ता सापडला," हे त्यांचं वाक्य. पुढे मिरचीतल्या कॅप्सायसिनची आठ टक्क्यांची पट्टी तासभर लावली. ज्या ग्राहीमुळे मिरची आणि कढत पाणी दोन्ही भाजतात, तो १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शोधला आणि त्या कामाला २०२१चं नोबेल मिळालं. लावताना ब्रह्मांड आठवलं, पण पुढचे दोन-अडीच महिने भगभग निम्म्यावर होती. बरा झालेलो नाही. सुती कपडे, आतून शिवण नसलेले, एवढ्यावर भागतं.

तिसऱ्या महिन्यात कुणी विचारलं असतं, तर या बाईंपर्यंत मी अकरा महिने आधी पोचलो असतो. अकरा महिने आधी पोचल्याने जास्त बरा झालो असतो का? हा तर संशोधनाचा प्रश्न आहे, आणि तिसऱ्या महिन्यात विचारल्याशिवाय तो सुटणार नाही.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. माणसं कमी, हातात वेळ नाही, रुग्ण कागदोपत्री सर्जनचा. कुणी म्हणतं, विचारलं की लोकांना दुखायला लागतं. अपेक्षेने वेदना वाढते हे खरं आहे, पण ज्याला शर्ट घालवत नाही त्याला तुमच्या फोनने ते कळणार नसतं. फोन डॉक्टरांनीच करायला हवा असंही नाही. चार प्रश्नांचा कागद पुरे. मोठी नोंदवही नको, एक रकाना हवा: तिसरा महिना. ज्यांना आधीपासूनच कुठेतरी दुखतंय, ज्यांना पहिल्या दोन दिवसांत फार दुखलं, ज्यांची नस कापली गेल्याचं सर्जननी लिहिलंय, निदान त्यांच्यापासून सुरुवात करा. धोका कुणाला जास्त हे तुम्हीच शोधून ठेवलं आहे.

फक्त प्रश्न जपून निवडा. मानसशास्त्रज्ञ मेलझॅक यांनी १९७५ साली मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेचे ७८ शब्द जमवले, कारण एका आकड्यात ती मावत नाही. आपल्या भाषेला तर या बाबतीत काही कमी नाही. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, भगभग, हुळहुळणं, मुंग्या, सल. घरातलं कुणीही सांगेल की ठणकणं वेगळं आणि भगभगणं वेगळं. ठणका बहुधा जखमेचा किंवा सुजेचा. भगभग, सणक, मुंग्या आल्या की नसेचा संशय घ्यायचा. पण कागदावर छापलेलं असतं, "वेदना आहे का? होय/नाही."

तिसऱ्या महिन्यात मला कुणी फोन करून "ऑपरेशनच्या जागी दुखतंय का?" असं विचारलं असतं, तर मी अगदी खरं उत्तर दिलं असतं. "नाही. तिथे काहीच कळत नाही." आणि पलीकडून "छान" म्हणून फोन ठेवला गेला असता. तेव्हा विचाराल, तेव्हा कृपा करून हेही विचारा: अंगावर कपडा सहन होतो का?

आपला,
एक जुना रुग्ण